गालावरचा फिका चट्टा

नातीला तेल लावताना मला तो दिसला. डाव्या गालावर, रुपयाएवढा, फिका. माझा हात तिथेच थांबला. अहेरीत मी तीस वर्षं नर्स होते आणि त्यातली निम्मी महारोगाच्या गोळ्या वाटण्यात गेली होती. असला चट्टा दुसऱ्या कुणाच्या पोराला असता तर मी हसून म्हटलं असतं, जंत झाले असतील, घाबरू नका.

पण ही माझी नात होती. पाच वर्षांची, आईबापांची नोकरी चंद्रपूरला म्हणून माझ्याकडे ठेवलेली. आणि रोज दुपारी ती शेजारणीच्या मांडीवर बसून भात खायची.

शेजारीण माझीच जुनी पेशंट. गोळ्या पुऱ्या करून बरी झालेली, फक्त बोटं वाकडी राहिलेली. तिच्यापासून कुणाला काही होत नाही, हे मीच साऱ्या मोहल्ल्याला ओरडून सांगितलं होतं. चर्चमधल्या बायकांच्या सभेत प्रीतीवर बोलायची पाळी आली की मी आमच्या शेजाराचंच उदाहरण द्यायची. बायका कौतुकानं बघायच्या. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी मी नातीला डोळे मिटायला लावले आणि चट्टा बधिर तर नाही ना हे बघायला कापसाचा पीळ हळूच गालाला टेकवला. कुठं लागलं तिथं बोट ठेव म्हटलं. तिला खेळ वाटला. खिदळत तिनं हनुवटीवर बोट ठेवलं आणि मी लगेच पुन्हा कापूस टेकवला. चेहऱ्यावर ही परीक्षा धड होत नाही, हा रोग दिसायला वर्षं लागतात, पोरगी येऊन जेमतेम चार महिने झालेत, सगळं मला पाठ होतं. पाठ असून काय उपयोग? दिवसातून सहा वेळा मी तिचे डोळे मिटवत होते. शेवटी ती इतकी कंटाळली की कापूस दिसला की पलंगाखाली शिरायची.

दुपारी शेजारीण आली. मी दार अर्धंच उघडलं.

"पोरीले ताप आहे. झोपली आहे."

आतून नात मोठ्यानं गाणं म्हणत होती.

"बरं बाई," ती म्हणाली. "आराम करू द्या तिले."

दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. त्वचेचे डॉक्टर बाजाराच्या दिवशी येत, म्हणजे अजून चार दिवस. ते मी कसे काढले माझं मला ठाऊक. प्रार्थनेला गुडघे टेकले की तोंडातून एकच निघायचं, प्रभू, हिला नको. मग कुणाला हवा होता, हे स्वतःला विचारायची माझी हिंमत नव्हती.

डॉक्टरांनी चट्टा बघितला, पाठ बघितली, कोपराजवळची नस चाचपली. "सिस्टर, तुम्हीसुद्धा?" म्हणाले. "जंताचं औषध द्या. गालाला खोबरेल लावा."

दवाखान्याच्या फाटकाबाहेर शेजारीण उभी होती.

"काय म्हणलं डॉक्टरनं?"

"तुले कोणी सांगितलं?"

"मले तुमच्याआधीच दिसला होता तो दाग. तेव्हापासून मी तिले चमच्यानं चारत होती. तुम्हाले सांगाची हिंमत नाई झाली."

"काही नाई निघालं. जंत आहेत."

ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. नंतर डोळे पुसत तिनं सांगितलं, निघालं असतं तर ती गोंडपिपरीला भावाकडे कायमची जाणार होती.

"काऊन?"

"तुम्ही मले काही म्हटलं नसतं बाई. पण पोरीकडे पाहून पाहून रोज माझं तोंड पाहावं लागलं असतं ना तुम्हाले."

"मी खोटं बोलली तुझ्याशी," मी म्हटलं. "ताप नव्हता तिले."

"मले माहीत होतं."

तेवढ्यात नातीनं माझा हात सोडला, धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. शेजारणीनं पटकन दोन्ही हात पाठीमागे नेले आणि माझ्याकडे बघितलं.

"घे ना तिले," मी म्हटलं.

तिनं नातीच्या केसांत तोंड खुपसलं. हात मात्र पाठीमागेच ठेवले.