छिन्नीची खूण

माझं पोस्टिंग छावणीतल्या इंजिनिअर कंपनीत झालं तेव्हा मी नवी कोरी कॅप्टन होते. डोक्यावरची बेरे टोपी तिरकी, चाल ताठ, आणि आपल्याला सगळं कळतं ही खात्री. ती पोरगी आज उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरी चहाला आली, तर मी तिला अर्धाच कप देईन.

इथं येताच तिनं शहराखालच्या जुन्या नहरी पाहिल्या. पाण्याची दगडी भुयारं, आणि हवेसाठी जागोजागी वर उघडणारी तोंडं. मग मेसमध्ये जेवणाऱ्या प्रत्येकाला तिनं नहर ऐकवली. लोक ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे.

त्या उन्हाळ्यात कन्नडजवळ विहीर खोदताना जमीन खचली आणि एक मजूर खाली गेला. छावणीकडे मदत मागितली गेली. आम्ही सकाळी पोहोचलो. खड्ड्याच्या तळाशी भुयाराचं तोंड होतं. भिंती सरळ. दगड सहाकोनी, एकाला एक लावून रचल्यासारखे.

"मानवनिर्मित," मी जाहीर केलं. कुणी विचारलं नव्हतं.

नाईक साळवे आत गेला. याच तालुक्यातला, बायको आणि दोन मुली पलीकडच्या गावात. कमरेला दोर, हातात फील्ड टेलिफोन. आमच्या प्लाटूनचा रिवाज होता : माणूस जमिनीखाली असेपर्यंत वरच्यानं रिसीव्हर कानावरून काढायचा नाही. त्या दिवशी रिसीव्हर माझ्याकडे होता.

मजुराचा पाय मोडला होता. साळवेनं स्वतःचा दोर सोडून त्याला बांधला. आम्ही मजुराला वर ओढलं आणि मागून भुयाराचं तोंड कोसळलं. टेलिफोनची तार तेवढी शाबूत राहिली.

"साळवे?"

"हाय की, मॅडम. पाय अडकलेत. बाकी मजेत."

"हवा?"

"हाय थोडी."

सुभेदारसाहेबांनी दगड काढायला माणसं लावली. एक काढला की वरून दोन यायचे. मशीन लावलं असतं तर सगळंच बसलं असतं. एकच मार्ग उरला. भुयार माणसानं खोदलेलं असेल, तर पुढं कुठंतरी वर उघडणारं तोंड असणार. तिथून उतरता येईल. जवान सळया घेऊन अख्खं शेत टोचत सुटले.

"साळवे, भिंत चाचपून सांग. छिन्नीच्या खुणा आहेत?"

दगडावर तळहात घासल्याचा आवाज आला.

"नाय मॅडम. एकबी नाय."

"नीट बघ."

"व्हय, बघितलं. तुमच्यासाठी एखादी पाडू का?"

तो हसला. मीही हसले. अर्थ दोघांना कळला होता. लाव्हा थंड होताना दगड असा सहाकोनी तडकतो, हे मी शिकले होते. त्या दिवशी ते खरं नको होतं.

"मॅडम, माझी बायको आलीय का वर?"

"नाही."

"येऊ देऊ नका. लई रडती. मला ऐकू येईल."

दुपारनंतर त्याचं बोलणं विरळ झालं. मी नहरीची गोष्ट सुरू केली.

"मॅडम," तो मध्येच म्हणाला, "इथनं उठून जाता येत नाय, म्हणून ऐकतोय."

ते शेवटचं. मी गोष्ट पूर्ण केली. मग पहिल्यापासून पुन्हा सांगितली. संध्याकाळी सुभेदारसाहेबांनी माझी बोटं एकेक करून रिसीव्हरवरून सोडवली. "बस, मॅडम," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मशीन लावून आम्ही त्याला बाहेर काढलं. सलामी त्याच्या गावात दिली.

आता तिथं लोक मोबाईल घेऊन येतात. कुणी म्हणतं राजानं बांधलं, कुणी म्हणतं देवानं. भूगर्भवाले नैसर्गिक म्हणतात. नात विचारते, "आजी, तू सांग ना!" मी सांगत नाही. त्या तिरक्या बेरेवालीनं पुरेसं सांगून ठेवलंय.

दर उन्हाळ्यात मी जाते. भुयाराच्या तोंडाला आता जाळी आहे. तिच्यातून हात जाईल तिथवर भिंत चाचपते. खूण सापडत नाही. सापडू नये, असंच वाटतं. सापडली, तर वर कुठंतरी तोंड होतं, आणि साळवे घरी गेला असता.