रुसणाऱ्यांचा वेग

आदिलाबादच्या कापूस मार्केटसमोर मोबाइलवरच्या लग्नपत्रिका बनवून देणारा एक जण बसतो. बोलणं इतकं घाईचं, की मराठीत सुरू केलेलं वाक्य तेलुगूत संपवतो. चहासुद्धा फुंकत नाही. पण पत्रिकेवर नावं खालून वर सरकू लागली, की याची गोगलगाय होते. नावं सरकवणाऱ्या स्क्रिप्टमधला वेगाचा आकडा बदलतो, बघतो, मान हलवतो, पुन्हा बदलतो.

पुतणीच्या लग्नाची पत्रिका करायला मी गेलो, तर मजकूर राहिला बाजूला.

"काका, तुमच्यात रुसनारं कोन हाये ते सांगा आधी. त्याचं नाव हळू सोडतो. भर्रकन गेलं तं मानूस मंडपात जेवतच नाही."

मी थोरल्या जावयांचं नाव सांगितलं. त्याने लगेच तिथला वेग कमी केला.

पत्रिका घरोघर पोचली. जावई खूश. मग मीही निवांत पाहायला बसलो. बाकीची नावं सुसाट गेली. जावयांचं रमतगमत गेलं. आणि माझं? ते मधोमध येऊन हलायलाच तयार नाही.

मी काय रुसणाऱ्यांतला आहे?

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही.