नाव नसलेला तांब्या

आई-बाबांच्या लग्नाला यंदा अठ्ठावन्न वर्षं झाली. त्यांच्या संसाराचं मला जेवढं कौतुक आहे, तेवढाच आत्यावरचा राग मी जपून ठेवलाय. खोटं कशाला बोलू? दोन्हीचं मूळ एका तांब्यात आहे, म्हणून आधी तांब्याचं सांगते.

आमच्याकडे लग्नात भांडं द्यायचं तर नाव घालून देतात. कुणाच्या लग्नात, कुणाकडून, सगळं कोरलेलं असतं. आईच्या मांडणीवरच्या प्रत्येक भांड्यावर कुणी ना कुणी नातेवाईक बसलेला आहे. एक पितळी तांब्या तेवढा कोरा. मी बारा वर्षांची होते, चिंच लावून तोच तांब्या घासत होते, तेव्हा विचारलं, "याच्यावर नाव कसं नाही?"

आई पोळ्या लाटत राहिली. बाबा मात्र हसायला लागले. "तो तुझ्या आत्याने दिलाय. भर मांडवात तुझ्या आईच्या हातात ठेवला आणि म्हणाली, नाव मुद्दाम घातलं नाही. सहा महिन्यांत परत करायची वेळ आली, तर दुसऱ्या कुणाला देता येईल."

बाबांना हसू आलं, मला नाही आलं. मी तो तांब्या इतका घासला, की माझी बोटं हुळहुळली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचं दुखणं असं, की भावाने स्वतःच्या मनाने लग्न केलं, आणि मुलगी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. त्यात आईचं माहेर येरवड्याचं. झालं! आत्याला आयुष्यभराची सोय झाली. कुणी नवीन माणूस भेटला की आईची ओळख करून द्यायची, "ही आमची भावजय. येरवड्याहून सुटून आलीय." वर, "वयाने मोठी आहे, आमच्या भावाला अहो-जाहो करावं लागतं."

यावर बाबांनी काय करावं? त्यांनी खरंच आईला अहो म्हणायला सुरुवात केली. आई त्यांना अहो म्हणणार, बाबा आईला अहो म्हणणार. घरातून "अहो" अशी हाक आली की दोघंही "काय?" म्हणायचे. आजही तसंच चालू आहे.

आई स्वारगेटच्या पुढे एका शाळेत शिकवायची. संध्याकाळी तिची बस स्वारगेटला यायची, आणि बाबा कचेरीतून सुटून सायकल घेऊन तिथे उभे. आई कॅरिअरवर कधी बसली नाही, तिला भीती वाटायची. मग मध्ये सायकल आणि दोन बाजूंना दोघं, असे गप्पा मारत कसब्यापर्यंत चालत यायचे. हँडलला एकीकडे भाजी, दुसरीकडे आईची तपासायच्या वह्यांची पिशवी. ती निवृत्त होईपर्यंत हे चाललं. आत्या आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. ती गॅलरीतून बघायची आणि म्हणायची, "बायकोला बसायला जागा नाही, तर सायकल घेतली कशाला?"

मला खरा संताप यायचा तो आईचा. आत्या येणार म्हटलं की आई तोच तांब्या वरच्या फळीवरून काढायची, लखलखीत घासायची आणि त्यातून तिला पाणी द्यायची. एरवी त्याला हात लावायची नाही. मला वाटायचं, काय ही गरीब गाय! जिने अपमान केला तिचीच भेट तिच्यापुढे मिरवायची, तिला बरं वाटावं म्हणून. मी ठरवलं, हिच्याने होत नाही, तर मी करीन. आत्याला तिचे शब्द गिळायला लावीन, आणि तेही आई-बाबा दोघं बघायला असताना. पुढे पुढे मला त्याचीच घाई झाली. आत्या नव्वदीला टेकली, आईचे गुडघे गेले, बाबांना कमी ऐकू यायला लागलं. कोण कुणासाठी थांबतंय?

यंदा लग्नाच्या वाढदिवसाच्या आधी मी तांब्या पिशवीत घालून गुपचूप नेला. भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे बसून मजकूर कोरून घेतला. "आत्याकडून सप्रेम भेट. परत करायची गरज पडली नाही."

त्याने दोनदा विचारलं, "असंच घालायचं ना, मावशी?"

"असंच. आणि अक्षर मोठं काढा, वाचणारीला मोतीबिंदू आहे."

वाढदिवसाला आत्या वॉकर घेऊन आली. मी आईला स्वयंपाकघरात शिरू दिलं नाही. तांब्या भरला, नाव पुढे करून आत्यासमोर ठेवला आणि समोरच बसले. चाळीस-पंचेचाळीस वर्षं वाट पाहिली होती, एक क्षणही चुकवायचा नव्हता.

आत्याने चष्मा पुसला. सावकाश वाचलं. मग म्हणाली, "अक्षर वाईट आहे."

"मजकूर कसा आहे?" मी म्हटलं.

"तुझी आई तुझ्यापेक्षा हुशार आहे." तांब्याकडे बोट करत ती म्हणाली, "अठ्ठावन्न वर्षं ही मला यातूनच पाणी पाजतेय. एका शब्दाने बोलली नाही. घरात पन्नास तांबे, पण मी आले की हाच पुढे. तुला काय वाटलं, मला कळत नव्हतं?"

मी आईकडे पाहिलं. ती पदराने तोंड पुसत होती. पदरामागे हसत होती, मी पैज लावते.

"वन्सं, पाणी घ्या ना," आई म्हणाली. तोच मऊ आवाज. मी ज्याला आयुष्यभर गरीबपणा समजले, तो!

बाबांनी तांब्या उचलून डोळ्यांजवळ नेला, वाचला आणि आईकडे वळले. "अहो, हिने नाव घातलं."

"बघितलं."

"आपली मजा घालवली हिने."

म्हणजे हेही सामील! मी विचारलं, "तुमचं दोघांचं हे ठरलेलं होतं?" तर आई म्हणते, "ठरवायचं काय त्यात? पहिल्यांदा वन्सं आल्या, तेव्हा मी तांब्या काढला. यांनी बघितलं, आणि हेच म्हणाले, ताईला पाणी द्या. झालं."

एवढंच. मी पुष्कळ संसार पाहिलेत, माझाही केला. एकमेकांना न विचारता अठ्ठावन्न वर्षं एकच खोडी काढणारी दुसरी जोडी मला दाखवा.

आत्याने पाणी संपवलं. चुकले, असं काही म्हणाली नाही, म्हणणारही नाही. मीही तिला माफ केलेलं नाही, कुणाचा गैरसमज नको. आता ती आली की आई मांडणीकडे हात करते आणि मला म्हणते, "तूच दे बाई, तूच बिघडवलंस." मी देते. तांब्याचं नाव तिच्या बाजूला वळवून, आणि काठोकाठ भरून.