वीस किलोंत काय न्यायचं

तीर्थपुरीतून परदेशी निघालेल्या माणसाला पासपोर्ट सरकार देत असे, पण जायची परवानगी मिळायची ती तातेराव मापाड्याकडून. हे मी थट्टेनं म्हणतोय, तरी फार खोटं नाही. विमानात वीस किलोंच्या वर सामान चालत नाही, आणि गावात भरवशाचा मोठा काटा एकच, धान्याच्या मोंढ्यातला. त्या काट्यावर तातेराव. लोकांची ज्वारी-तूर मोजण्यात त्यांची हयात गेली. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं ही मापाड्यांची रीत, आणि परदेशी जाणारी पेटी पारड्यात चढली तरी ते ‘लाभ’च म्हणायचे.

मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि केशवरावांच्या घरात भाड्यानं राहत होतो. कुवेतला, मस्कतला निघालेली सात-आठ माणसं त्या काट्यापुढं निमूट उभी राहिलेली मी पाहिली. कारण तातेराव नुसतं वजन करत नसत, पेटी उघडायला लावत.

“स्टो कशाला? तिथं काय लोक कच्चं खाऊन राह्यले?”

“कोट पेटीत का? अंगात घाल. अंगावरल्याचं वजन होत न्हाई.”

“तेलाचं लोणचं काढ. फुटलं म्हंजे कापडाचा सत्यानास. कोरडी चटणी ने. पत्ता तीन जागी लिही, एक पेटीत, एक खिशात, एक डोक्यात.”

आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचं. “दुसऱ्यानं बांधलेलं बोचकं घ्यायचं न्हाई. बिलकुल न्हाई.”

स्वतः तातेराव नागपूरच्या पुढं कधी गेले नव्हते, तेही छप्पन साली दीक्षा घ्यायला. मग एवढं ज्ञान आलं कुठून? तर गेलेल्या प्रत्येकाकडून ते एक वचन घेत. महिनाभरानं पत्र टाकायचं आणि एवढंच लिहायचं, की नेलेल्यातलं काय कामाला आलं आणि काय न्हाई. कुणी ‘इकडे सर्व कुशल’ असं सुरू केलं की ते चिडायचे. “कुशल मायीला लिही. मला सामानाचं लिही.” सगळी पत्रं त्यांनी पत्र्याच्या डब्यात जपली होती, आणि पुढच्या माणसाला त्यातलीच शिदोरी मिळायची.

शहात्तर सालच्या जानेवारीत त्यांचीच लेक निघाली. सत्यशीला औरंगाबादला नर्सिंग शिकली होती. तेहरानच्या एका हॉस्पिटलात तिची निवड झाली. निजामाच्या काळात तातेराव उर्दू शाळेत चार यत्ता शिकलेले, त्या जोरावर ते लेकीला फारसी शिकवू लागले. “पाण्याला आब म्हन, रोटीला नान. उपाशी मरणार न्हाईस.” सत्यशीला हसायची, पण वहीत लिहून घ्यायची.

अडचण एकच होती. हॉस्पिटलातली खोली हजर झाल्यावर चार दिवसांनी मिळणार होती. परक्या शहरात, ऐन बर्फात, एकट्या पोरीनं चार दिवस राहायचं कुठं? तातेराव त्या काळजीनं वाळले होते. आणि नेमकं तेव्हा केशवरावांच्या घरून बोलावणं आलं. केशवराव मोठे अधिकारी होते, सत्यशीलाच्या पासपोर्टच्या अर्जावर त्यांचीच सही होती आणि ती त्यांनी एका हेलपाट्यात दिली होती. त्यांची मुलगी रजनी तेहरानलाच होती, जावई इंजिनियर. रजनी नुकतीच बाळंत झाली होती. केशवरावांच्या पत्नी शरयूबाई म्हणाल्या, “रजनी विमानतळावर येईल. सत्यशीला चार दिवस तिच्याकडेच राहील. फक्त रजनीसाठी एवढं न्या.” एवढं म्हणजे डिंकाचे लाडू आणि बाळाची दुपटी, जाड कापडात टाके घालून शिवलेलं बोचकं. भरलं सहा किलो.

काट्यावर सगळं चढवलं तेव्हा सव्वाबावीस किलो झालं. तातेराव बोचक्याकडं बघत राहिले. तेव्हा मी नको तिथं तोंड घातलं. “अहो, सही देणारं घर आहे. राहायची सोय होतेय. सहा किलोंनी काय बिघडतं?”

त्यांनी बोचकं तसंच ठेवलं, टाकेसुद्धा उसवले नाहीत. मग सत्यशीलाच्या सामानात हात घातला आणि वाकळ काढली. तिच्या आईनं, कौसल्याबाईंनी, आपल्या जुन्या लुगड्यांचे थर देऊन दोन महिने शिवलेली वाकळ. ती काढल्यावर काटा वीसवर बराबर आला.

कौसल्याबाई म्हणाल्या, “अंगावरल्याचं वजन होत न्हाई म्हनता ना? मंग पोरीच्या अंगाला गुंडाळा.”

“माय, तेहरानात वाकळ पांघरून उतरू का?” सत्यशीलाच म्हणाली. ती थोडी लाजली होती. कौसल्याबाईंनी वाकळ घडी करून काखेत घेतली आणि विषय मिटला.

फेब्रुवारीच्या शेवटी पत्र आलं. मी शाळेतून परतत होतो, तातेरावांनी मलाही बसवून घेतलं. कौसल्याबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून ते मोठ्यानं वाचू लागले.

“सप्रेम जयभीम. बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी लिहिते. कामाला आलं ते असं: कोट, पायमोजे, शेंगदाण्याची चटणी, आब आणि नान. कामाला न आलेलं: सहा किलोचं बोचकं.”

ते थांबले. पुढच्या ओळी त्यांनी डोळ्यांनी वाचल्या असाव्यात. कौसल्याबाई म्हणाल्या, “वाचा की.”

“रजनीताई विमानतळावर आल्या. मायेनं बोलल्या. घरी त्यांच्या सासूबाई आलेल्या आहेत. त्यांनी चहा दिला, माझं आडनाव विचारलं, मग आत जाऊन रजनीताईंशी बोलल्या. रजनीताई रडत बाहेर आल्या आणि जागा होणार नाही म्हणाल्या. बोचक्यातली दुपटी काढून धुवायला टाकली. लाडू सासूबाईंनी खालच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला देऊन टाकले. मला हॉस्पिटलात सोडायला गाडी येईपर्यंत मी त्याच म्हाताऱ्याच्या खोलीत शेगडीजवळ बसले. त्यानं लाडवांचा डबा उघडून माझ्यापुढंच धरला. मी दोन लाडू खाल्ले. चांगले झाले होते. चार दिवस एका केरळच्या नर्सच्या खोलीत जमिनीवर काढले. थंडी फार होती. आईच्या वाकळेची आठवण आली. पुढच्या माणसाला सांगा, उतरायचं ठिकाण एकच ठेवू नका, दोन ठेवा.”

आडनाव का विचारतात, हे मराठी माणसाला सांगायला नको. मला संताप आला तो वेगळ्याच गोष्टीचा. केशवरावांच्या घरात वीस वर्षं जी ज्वारी रांधली गेली, ती तातेरावांच्याच हातानं मोजलेली होती. तिला कधी विटाळ झाला नाही. आणि संतापासोबत लाजही वाटली, कारण ‘काय बिघडतं’ म्हणणारा मीच होतो.

कौसल्याबाईंनी एवढंच विचारलं, “माझी वाकळ किती भरली व्हती?”

“सव्वादोन किलो.”

त्या उठून आत गेल्या.

तातेराव पत्राची घडी घालत म्हणाले, “काटा बराबर होता, गुरुजी. मीच चुकलो. सहीचं वजन धरलं अन् पोरीचं सोडलं.”

एप्रिलच्या सुरुवातीला शरयूबाई मोंढ्यात आल्या. मी तिथंच होतो. “तातेराव, रजनी लाडवांचं काहीच लिहीत नाही हो. पोचले ना?”

मला वाटलं, हे आता वेळ मारून नेतील. जन्मभर ज्या घराला मान दिला त्या घरच्या बाईला असलं कसं सांगणार? पण या माणसानं कुणाला छटाकभर खोटं माप कधी दिलं नव्हतं.

“पोचले, बाईसाहेब. चांगले झाल्ते.”

“रजनी म्हणाली?”

“न्हाई. आमची सत्यशीला म्हनली.” आणि त्यांनी बंडीच्या खिशातून पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. महिनाभर ते पत्र डब्यात गेलं नव्हतं.

शरयूबाईंनी उभ्यानं पत्र वाचलं, मग शेजारच्या पोत्यावर बसून पुन्हा वाचलं. त्या वाईट बाई नव्हत्या. लाडू त्यांनी स्वतः वळले होते, आणि त्या पोरीला आपल्या लेकीच्या भरवशावर धाडलं होतं, हे त्यांना कळत होतं. त्या म्हणाल्या, “ती वाकळ माझ्याकडे द्या. मी पोस्टानं पाठवते. आजच पाठवते.”

तातेरावांनी पत्र परत घेऊन खिशात ठेवलं.

“आता कशाला, बाईसाहेब. तिथली थंडी सरली.”