मुकादम नसलेली नोकरी

मुंबईच्या विमानतळावर आईने मला एकच प्रश्न विचारला, "तिकडं मुकादम कोण हाय गं?"

औरंगाबादहून एसटीने ती मला पोचवायला आली होती. आजूबाजूला लोक ट्रॉल्या ढकलत होते आणि मला तिच्या प्रश्नाची लाज वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते. "आई, कॉम्प्युटरच्या कामात मुकादम नसतो," मी म्हटलं. तिने मान हलवली, "जय भीम बाळा, पोचलीस की फोन कर," म्हणाली.

आईने वीस वर्षं बांधकामावर विटा वाहिल्या. मस्टरवर मजुरी एक, हातात दुसरी, आणि खाली हिचा अंगठा. एकदा तिने विचारलं, "कमी का?" दुसऱ्या दिवशी तिला कामावर घेतलंच नाही. तेव्हापासून मला ती एकच बजावायची, "हातात येतं तेवढंच कागदावर असू दे. नसलं तर सही करू नको."

मी सिंगापूरला आले ती दोन हजार पाच-सहाच्या सुमारास. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत टेस्टिंगचं काम, आणि राहायला यिशुनमधल्या फ्लॅटची एक खोली, सांगलीच्या रोहिणीसोबत. खुर्ची बँकेची, कॉफी बँकेची; नोकरी मात्र बँकेची नव्हती. मधे एक पेरोल कंपनी. बँक तिला पैसे देणार, ती मला पगार देणार, आणि माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे काम करायचा परवानाही तिच्याच नावावर. सगळे आम्हाला कॉन्ट्रॅक्टर म्हणायचे, पण टॅक्सवाल्यांच्या लेखी आम्ही त्या कंपनीचे साधे नोकरदार. आपल्याकडे टॅक्स कापूनच पगार हातात येतो. इथे सगळा हातात येतो, आणि कंपनीने वर्षभराचा जो आकडा लिहून दिला त्यावर नंतर टॅक्स आपण भरायचा. घ्या! मुकादम होताच की.

दुसऱ्या वर्षी कंपनीचा माणूस कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा घेऊन आला. पगाराचा तिसरा हिस्सा प्रवासखर्चाची भरपाई म्हणून दाखवायचा, म्हणजे त्यावर टॅक्स नाही. "सब करते हैं, मॅडम. आपका ही फायदा है." रोहिणीने तिथल्या तिथे सह्या केल्या. मी फॉर्म घरी आणले आणि टॅक्स खात्याच्या वेबसाइटवर नियम वाचत बसले. घर ते ऑफिस जाण्या-येण्याचे पैसे कंपनीने दिले तरी ते उत्पन्नच धरतात, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. त्यात मी जायची एमआरटीने, इथल्या मेट्रोने. एवढा खर्च दाखवायला मला रोज विमानानेच ऑफिस गाठावं लागलं असतं! शिवाय पासच्या अर्जात माझा पगार पूर्ण लिहिलेला. एका सरकारी खात्यात एक पगार, दुसऱ्यात दुसरा, आणि खाली सही माझी.

मी नाही म्हटलं. तो गोड हसला. "पास हमारे नाम पे है, मॅडम. सोच लीजिए."

पास रद्द झाला की महिनाभरात गाशा गुंडाळायचा. धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग माझ्या पगारावर चाललं होतं. तरी ईमेल लिहिला: माझा संपूर्ण पगार पगार म्हणूनच दाखवा. सोबत नियमाचा उतारा आणि पासच्या अर्जाची प्रत जोडली. अकरा दिवस उत्तर नाही. रोज ऑफिसच्या दारात कार्ड टेकवताना वाटायचं, आज हे दार उघडणार नाही. बाराव्या दिवशी दोन ओळी आल्या: तुमच्या म्हणण्याप्रमाणे केलं आहे.

त्या वर्षी मला रोहिणीपेक्षा बराच जास्त टॅक्स आला. "सरकारची लाडकी सून!" ती चिडवायची. चिडव म्हटलं. आमच्या अख्ख्या खानदानात इन्कम टॅक्स भरणारी मी पहिली, आणि त्याचे बाराच्या बारा हप्ते मी मान ताठ ठेवून भरले. पुढे रोहिणीनेही आपले आकडे दुरुस्त करून घेतले. त्यासाठी टॅक्स खात्याला पत्र आम्ही दोघींनी मिळून लिहिलं.

आता मी इथली पीआर, म्हणजे कायमची रहिवासी आहे, यिशुनमध्येच स्वतःचा फ्लॅट आहे. तिकडचे विचारतात, परत घरी कधी येणार? इकडे माझी लेक इथल्या इंग्रजीत म्हणते, "धिस इज होम लह, आई." मी कुणाशीच वाद घालत नाही. मला ते दोन ओळींचं उत्तर आलं त्या संध्याकाळचा फोन आठवतो. भरपाई, पेरोल यातलं आईला काही कळलं नाही. तिने एवढंच विचारलं, "नाही म्हणलीस? मग काढलं तुला?"

"नाही गं. उद्या कामावर जायचंय."

ती म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. ती रडत होती.

"मग ऱ्हा बाई तिथंच," ती म्हणाली. "नाही म्हणल्यावर बी जिथं ठेवतेत, ते घरच की."