खोबरच्या कॅम्पमधला दिग्दर्शक

एत्तोरे माणसाशी बोलताना त्याच्या चेहऱ्याकडे बघत नसे, हातांकडे बघत असे. पहिल्या भेटीत मला वाटलं, माझ्या बोटांना ग्रीस लागलंय की काय. मी हात रुमालाला पुसले, मग खिशात घातले. तो हसला आणि म्हणाला, "आता चेहराही घाबरला बघ. बाहेर काढ ते. चेहरा सगळेच सांभाळतात. हात सांभाळायचं कुणाला सुचत नाही."

अल-खोबरच्या बाहेर समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाचं काम चालू होतं. कंपनी इटालियन, वेल्डर-फिटर बरेचसे रत्नागिरी-रायगडकडचे, आणि मी कॅम्पची वीज सांभाळणारा इंजिनियर. कंपनीने एत्तोरेला प्रकल्पाची फिल्म काढायला आणलं होतं. साठीला टेकलेला, उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस. इंग्रजी मोडकं, त्यात इटालियन मिसळलेलं. आमच्या लोकांना कळावं म्हणून तो शूटिंग सुरू करताना 'यल्ला' म्हणे आणि थांबवताना 'खलास'. सौदीत तेव्हा सिनेमाची थिएटरं नव्हती. त्यामुळे हा खरोखरीचा सिनेमावाला मेसमध्ये शिरला, की लोक सरकून त्याला जागा करून देत.

तो एका लहानशा बंदरातला. वडील शिंपी. त्यांनी शिवलेले कपडे पोचवायला तो रोमच्या एका स्टुडिओत गेला आणि परत घरी आलाच नाही. आधी कपडे सांभाळले, मग दिव्यांच्या वायरी ओढल्या, मग कुणाचा तरी सहायक झाला. तिशीत त्याने स्वतःचा पहिला सिनेमा काढला, आपल्याच बंदरातल्या कोळ्यांना घेऊन. तो लोकांना आवडला. दुसरा मोठ्या नटीला घेऊन काढला, तोही बरा चालला. तिसरा सपशेल पडला.

"का पडला?" मी विचारलं.

"त्यात मला हुशार दिसायचं होतं," तो म्हणाला. "दिसलो. लोक हुशार माणसाला नमस्कार करून घरी गेले."

त्यानंतर निर्मात्यांचे फोन थांबले. पोटासाठी तो धरणांच्या, जहाजांच्या, सिमेंटच्या कारखान्यांच्या फिल्म काढू लागला. त्याबद्दल विचारलं, की म्हणायचा, "सिमेंट चांगला नट आहे. वेळेवर येतो, नखरे करत नाही, आणि एकदा उभा राहिला की हलत नाही." हे सांगताना तो हसायचा, पण कॉफीचा कप मात्र उगाचच फिरवत राहायचा. त्याचीच शिकवण, मी हातांकडे बघायला लागलो होतो.

मग इराकने कुवेत घेतलं. मी बायको-मुलांना पुण्याला पाठवून दिलं. जानेवारीत युद्धाला तोंड फुटलं. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या, प्रत्येकाच्या गळ्यात गॅसचा मास्क आला. सायरन वाजला की आम्ही सिमेंटच्या खोलीत जाऊन बसायचो आणि क्षेपणास्त्र कुठे पडलं याचा अंदाज बांधायचो. कंपनीने युरोपियन लोकांना जेद्दामार्गे घरी पाठवायचं ठरवलं. एत्तोरेचं तिकीट आलं. त्याने बॅगही भरली.

निघायच्या आदल्या सकाळी दाऊद माझ्याकडे आला. दाऊद दापोलीकडचा वेल्डर, एरवी सगळ्या मेसला हसवणारा. त्या दिवशी तो दारातच उभा राहिला.

"साहेब, आय जेवत नाय. कुणीतरी गावात सांगितलंन, खोबरवर बॉम्ब पडला नि सगळी गेली. तवापासून पाण्यावर हाय."

"अरे, मग फोन कर. तुझा आवाज ऐकव."

"केला ना! मी सोता बोललो. तर बोलते, आवाज कोणाचा पण काढता येतो. माझा दाऊद गेला, तुमी लपवताव."

एत्तोरे शेजारीच बसला होता. "काय म्हणतोय?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो बराच वेळ दाऊदच्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आवाजावर विश्वास नाही ना? मग दाखवू."

"पण तुझं उद्याचं विमान?"

"मी गेलो तर कॅमेराही जाईल," तो म्हणाला आणि बॅग उघडायला गेला.

युद्धाच्या दिवसांत कॅमेरा बाहेर काढणं म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. कॅम्पचा सुरक्षा अधिकारी अबू सालेह हा गंभीर, कमी बोलणारा सौदी माणूस. त्याने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि दोन अटी घातल्या: शूटिंग फक्त मेसच्या स्वयंपाकघरात, आणि कॅसेट बाहेर जाण्याआधी तो स्वतः बघणार.

दुपारी दाऊद इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून उभा राहिला. एत्तोरे म्हणाला, "यल्ला." दाऊद ताठ झाला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "आय, मी इथे सुखरूप आहे. काळजी करू नये."

"खलास!" एत्तोरे ओरडला. "हा माणूस मेलेलाच दिसतोय. आईचं बरोबर आहे."

लोक हसले. दाऊदच्या डोळ्यांत पाणी आलं. एत्तोरेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडून विचारून घेतलं, "घरी असताना आई तुला कशावरून ओरडते?"

दाऊदने नाक पुसलं. "मासे नीट साफ करत नाय म्हणून. खवलं ऱ्हातात."

एत्तोरेने आचाऱ्याकडून एक मोठा हामूर मासा आणवला, सुरी दाऊदच्या हातात दिली आणि त्याचा इस्त्रीचा शर्ट काढायला लावला. बनियनवर बसलेला दाऊद मासा खरवडू लागला. पहिल्या खवल्याबरोबर त्याचे खांदे सैल झाले. थोड्या वेळाने तो आपणहून बोलायला लागला. इथले मासे कसे बेचव, आचारी केरळचा आहे पण कोकम म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही, धाकट्या बहिणीने आपली सायकल चालवायची नाही. एत्तोरे कॅमेऱ्यामागे श्वास रोखून उभा होता.

तेवढ्यात सायरन वाजला. सगळ्यांनी मास्क चढवले. दाऊदनेही चढवला, पण मासा सोडायचं त्याला सुचलं नाही. मास्क घातलेला दाऊद एका हातात हामूर धरून उभा होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मास्कच्या आतून सगळेच हसत सुटलो. एत्तोरेने कॅमेरा बंद केला नव्हता.

संध्याकाळी मी म्हणालो, "तेवढा भाग काढून टाक. ती म्हातारी बघून मरेल."

"नाही," तो म्हणाला. "युद्ध चालू आहे हे तिला माहीत आहे. ते आपण लपवलं, तर मासाही खोटा ठरेल. युद्धात आपला मुलगा काय करतोय, एवढंच तिला बघायचंय. तो हसतोय, हे तिला दिसू दे."

आमचा कडाक्याचा वाद झाला. शेवटी मी दाऊदलाच विचारलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे साहेब. आय भित्री नाय. तिला फसवलेला चालत नाय."

अबू सालेहने कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. चेहऱ्यावर काही दिसेना. टीव्ही बंद करून तो एत्तोरेला म्हणाला, "माझी आई तिकडे उत्तरेला, हाइलला आहे. ती पण रडते." दुसऱ्या दिवशी त्याच स्वयंपाकघरात तो वेलदोडे कुटून कॉफी करत बसला आणि कॅमेऱ्याकडे न बघता आईशी बोलत राहिला.

दाऊदची कॅसेट जेद्दाच्या अझीझिया भागात दुकान असलेल्या त्याच्या चुलतभावाकडे गेली आणि तिथून एका प्रवाशाबरोबर मुंबईला. गावात भाड्याचा व्हिडिओ आणून अंगणात लावला म्हणे. आठवड्याभराने फोन आला. बहीण सांगत होती, आयने हसणारा मास्क बघितला, पुन्हा लावायला सांगितला, आणि मग म्हणाली, "शेपटीकडची खवलं तशीच ठेवलीन मेल्याने. ह्यो माझाच." आणि भाताची पातेली पुढे ओढली.

दाऊदने हे सांगितलं तेव्हा एत्तोरे उठून बाहेर गेला. कुवेतच्या जळत्या तेलविहिरींचा धूर तिकडच्या आभाळात पसरला होता. मी मागोमाग गेलो. तो म्हणाला, "किती वर्षांनी माझ्या कामावर कुणीतरी खरी टीका केली."

मग रांगच लागली. कुणी दाढी करताना बोललं, कुणी बटण शिवताना, एकजण तर नुसताच पोळ्या लाटत राहिला. युद्ध संपलं तेव्हा एत्तोरेने कंपनीची फिल्म पुरी करून दिली आणि पुढचं कंत्राट नाकारलं. विमानतळावर मला म्हणाला, "सिमेंटला सांग, दुसरा दिग्दर्शक शोध."

तो आपल्या बंदरात परतला आणि तिथल्या मासळीबाजारातल्या बायकांना घेऊन त्याने एक लहानसा सिनेमा काढला. तो थोड्याच गावांत लागला, पण लागला तिथे टिकला. मग आणखी एक काढला. दर वेळी तो मला पुण्याला फोन करायचा आणि सिनेमाबद्दल न बोलता त्या बायकांबद्दलच बोलत बसायचा.

काही वर्षांनी फोनवर त्याची मुलगी होती. एत्तोरे गेला होता. शेवटी इस्पितळात डॉक्टरांनी त्याला व्यवसाय विचारला, तेव्हा तो म्हणाला होता, "दिग्दर्शक. पुढचं शूटिंग एप्रिलमध्ये आहे, जरा लवकर सोडा."

"मग आता त्या सिनेमाचं काय?" मी विचारलं.

"एप्रिलमध्येच सुरू करतेय," ती म्हणाली. "लोकांना तारीख दिलेली आहे."