सॉर्टरकाकांचा पसारा

टपाल कचेरीत चौतीस वर्षं पत्रं वेगळी करण्यात गेली, म्हणून सगळी गल्ली त्यांना सॉर्टरकाका म्हणायची. पत्त्यावर नुसती नजर टाकली की हात आपोआप नेमक्या खणाकडे जायचा. कुणाचं अक्षर कितीही कोंबडीच्या पायांसारखं असो, पत्र काही चुकायचं नाही.

पण बायको गेली आणि तीन वर्षांत त्यांचं स्वतःचं घर हाताबाहेर गेलं. आधी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं साठली, मग खुर्च्यांवर कपडे. तिच्या औषधांचे रिकामे खोके टाकवेनात म्हणून ते खिडकीत रचले गेले. शेवटी काका पलंगाच्या कडेवर ताट मांडीवर घेऊन जेवायला लागले. कुणी येत नव्हतं, त्यामुळे लाजायचाही प्रश्न नव्हता.

परदेशातल्या मुलीने व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, तुमच्या मागे भिंत कुठे आहे?"

"आहे की. खोक्यांच्या पलीकडे."

पुढच्याच आठवड्यात तिने तिथूनच एक बाई ठरवली. घरं आवरून, नीट लावून देणं हाच त्या बाईंचा धंदा. दर शनिवारी सकाळी येणार, असे चार शनिवार.

पहिल्या दिवशी काका फुरंगटून कोपऱ्यात बसले. बाई चाळिशीच्या, कामाला वाघ. त्यांनी तीन टोपल्या मांडल्या: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. काकांना वाटलं होतं की आता सगळं भराभर टाकत सुटतील. पण प्रत्येक वस्तू हातात घेऊन त्या विचारायच्या, "काका, हे कुणाचं?" आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबायच्या. बंद पडलेल्या रेडिओपाशी अर्धा तास गेला. बायको तो कानाला लावून झोपायची, हे काकांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. औषधांचे खोके मात्र त्यांनी स्वतःच टाकायच्या टोपलीत ठेवले. दुपारी बाई निघाल्या तेव्हा काकांचा घसा बसला होता. सलग एवढं बोलायची सवयच राहिली नव्हती.

तिसऱ्या शनिवारी घर आरशासारखं झालं. चौथ्या वेळी नुसता शेवटचा हात फिरवायचा होता. शुक्रवारी संध्याकाळी काका खोलीत उभे राहिले. सगळं जागच्या जागी. उद्या बाई तासाभरात निघून जातील, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी भांड्यांचं कपाट उघडलं आणि सगळं जमिनीवर काढलं.

"हे काय झालं?" सकाळी बाईंनी विचारलं.

"पाहुणे आले होते," काका म्हणाले.

बाईंनी सगळं परत लावलं, पण बाकीचं राहिलंच, म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा यावं लागलं. तेव्हा पुस्तकं खाली होती. "झुरळांचं औषध मारायचं होतं." त्याच्या पुढच्या शनिवारी हत्यारांचा खण टेबलावर उपडा झालेला. बाई खिळ्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"काका, खिळे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने सांडलेत."

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी पंधरा वर्षं लोकांचे पसारे बघतेय. हा पसारा केलेला नाही, लावलेला आहे."

चोरी पकडल्यावर लहान मूल बघतं तसे काका जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "बाकीचे दिवस ढकलतो कसेतरी. तुम्ही यायला लागल्यापासून शनिवारची वाट बघायची सवय लागली."

बाई खुर्चीत टेकल्या. "माझी आईही एकटीच असते," त्या म्हणाल्या. "महिन्यातून एकदा जाते, तेही उभ्या उभ्या. काका, मला यापुढे यायला जमणार नाही. दुसरी घरं ठरलीयत. खोटं कशाला सांगू?"

"नकाच सांगू."

काका उठले आणि टेबलाशी उभे राहिले. खिळे, स्क्रू, वायसर, चाव्या. बोटं चालायला लागली ती थांबेचनात. बघता बघता टेबल मोकळं झालं. बाई बघतच राहिल्या.

"एवढं येत होतं, तर मला कशाला बोलावलंत?"

"मी कुठे? मुलीने बोलावलं."

दोघंही हसले. चहा झाला. बाईंचाही पाय निघत नव्हता, पण त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला, तेव्हा काकांनी तिला काहीही न लपवता सगळं सांगितलं. खिळ्यांचंसुद्धा. ती हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही.

"शनिवारी फोन करशील?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी मुलांचे क्लास असतात, बाबा. रविवारी करते. निवांत करते."

आणि तिने शब्द पाळला. रविवारी आता तास तास बोलणं होतं, नातवंडंही मध्ये डोकावतात. राहतो तो शनिवार. त्या दिवशी काका सकाळीच दार ओढून घेतात, बागेतल्या बाकावर जाऊन बसतात आणि ऊन डोक्यावर आलं की घरी येतात. बाकाची दुसरी बाजू बहुतेक रिकामीच असते. तरी ते एका कडेला सरकून बसतात.